लॅमिनेशनची घाई नको!

साइनबोर्ड आणि ग्राफिक्सचा धंदा करणाऱ्या आपल्या कित्येक भावांची एकच तक्रार आमच्या कानावर येते : गाडीला लावलेले व्हिनाइल पंधरा दिवसांत कडेने सुटले. दोष माल देणाऱ्यावर जातो. आम्ही म्हणतो, आधी आपली घाई तपासा.

सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईची छपाई हाताला कोरडी लागली, म्हणजे सुकली असे नव्हे. शाईतला द्राव व्हिनाइलमध्ये मुरलेला असतो, तो सावकाश उडतो. त्यावर लगेच लॅमिनेशन चढवले की तो आतच कोंडतो आणि मागचा गोंद मऊ करतो. म्हणून छपाईनंतर निदान 24 तास, गडद रंग भरपूर असतील तर 48 तास माल मोकळ्या हवेत ठेवावा. रोल घट्ट गुंडाळून ठेवला तर हा वेळ फुकट गेला समजा. तो सैल करून उभा करावा. लॅटेक्स शाईला मात्र ही अट नाही.

गिऱ्हाईक कितीही मागे लागो, सकाळी छापून संध्याकाळी गाडी देण्याचा वायदा करू नये. परत आलेल्या कामात व्हिनाइल, लॅमिनेशन आणि मजुरी आपल्याच खिशातून जाते. शिवाय जुना गोंद खरवडण्यात अर्धा दिवस मोडतो तो वेगळाच.