जुन्या चोपड्यांतील ठुमरी

जुन्या दप्तरांत गाण्याच्या ज्या चोपड्या सांपडतात, त्यांत ध्रुपद-ख्यालांच्या शेजारीं ठुमऱ्याही उतरून घेतलेल्या असतात. पद दोन-चार ओळींचें, विषय बहुधा कृष्ण-गोपींचा, शब्द तेच ते. संस्कृत काव्यावर पोसलेल्या वाचकास हें काव्य दरिद्री वाटतें व तो पान उलटून पुढें जातो. हा अन्याय आहे. ठुमरी केवळ गाण्यासाठीं नव्हे, तर गातां गातां अभिनयानें दाखविण्यासाठीं रचिली जात असे.

नांवच पाहावें. 'ठुमकणें' म्हणजे डौलानें पाऊल टाकणें. ठुमरी शब्द बहुतेक जाणते याच क्रियापदाशीं जोडतात. लखनौचा नबाब वाजिद अली शाह (१८२२–१८८७) 'अख्तरपिया' या मुद्रेनें ठुमऱ्या रची व कथकांस आश्रय देई. १८५६ सालीं राज्य खालसा झाल्यावर त्यानें कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथें तोच थाट पुन्हां मांडला. लखनौच्या कथक घराण्यांतील बिंदादीन महाराजांनीं तर शेंकडों ठुमऱ्या रचिल्या. रचणारा आणि नाचणारा येथें एकच होता, हें विसरूं नये.

एखादी खंडिता नायिका घ्या. तिच्या मुखीं 'जा' एवढाच शब्द आहे. तो एकदां रोषानें, एकदां उपहासानें, एकदां 'जाऊं नको' या विनवणीनें म्हटला जातो. स्वर बदलतो, तशी दृष्टि व हस्तही बदलतात. भरतमुनींनीं सांगितलेले व्यभिचारी भाव असे एका शब्दाभोंवतीं फिरतात. शब्दांची गर्दी असती तर त्यांस जागाच उरती ना! यासाठीं उभें राहून नाचावेंच लागतें असेंही नाहीं; बैठकींत बसून भाव 'बतावण्या'ची रीत होती, व शंभू महाराज (मृत्यु १९७०) तींत विख्यात होते. आमच्याकडील बैठकीची लावणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें निराळें समजावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाचाविरुद्ध चळवळ झाली. १९०२ पासून सुमारें तीन मिनिटांच्या तबकडींत नुसता आवाज मुद्रित होऊं लागला. ठुमरी ऐकण्याची वस्तु झाली. तरी एक खूण राहिलीच. शेवटीं गायक मुखडा धरून राहतो आणि तबलजी द्रुत लयींत लग्गी वाजवितो. तेथें पूर्वीं नर्तकीचा पदन्यास होई.

म्हणून चोपडींत पदाच्या माथ्यावर लिहिलेला ताल अवश्य टिपून घ्यावा. त्रिताल असून अक्षरें दाट व ठेक्यास बांधलेलीं असतील, तर ती बंदिशीची, पावलांच्या बोलांजवळची ठुमरी समजावी. चौदा मात्रांचा दीपचंदी असून शब्द विरळ असतील, तर ती बनारसेकडील, बोल बनवून गाण्याची असण्याचा संभव अधिक. शेवटच्या ओळींतील 'बिंदा', 'कदरपिया', 'सनदपिया' या मुद्राही उतरून घ्याव्या. मात्र गाणाऱ्यांनीं त्या क्वचित् बदलल्या असल्यामुळें केवळ मुद्रेवरून कर्ता ठरवूं नये.