जुन्या मोटारीचा रेडिएटर उतरवितांना

रेडिएटर उतरविणें हें काम सोपें समजलें जातें. पाणी सोडावें, रबरी नळ्या काढाव्या, बोल्ट सोडवावे, कीं झालें! परंतु १९६० नंतरच्या दशकांतील शेव्हरोले इम्पालासारख्या अमेरिकन मोटारींत, गिअर आपोआप बदलणारी पेटी असल्यास, रेडिएटरच्या पितळी टाकींत आणखी एक लहान नळकांडें दडलेलें असतें. गिअरपेटींतील तापलेलें तेल पोलादी नळीनें त्यांत येतें व भोंवतालच्या पाण्यास उष्णता देऊन दुसऱ्या नळीनें परत जातें. तेल आणि पाणी यांच्यामध्यें एक पातळ पत्रा काय तो!

म्हणून या नळ्यांचे नट एकाच पान्यानें पिरगाळूं नयेत. टाकीवरील जोड एका पान्यानें घट्ट धरावा व दुसऱ्यानें नट फिरवावा. गंजलेला नट एरवीं जोडालाच फिरवितो, आंतील डाखलेला सांधा फाटतो आणि पाणी तेलांत शिरतें. तेल दुधाळ गुलाबी होतें, क्लचच्या तबकड्यांचें अस्तर सुटूं लागतें, आणि अखेर सबंध गिअरपेटी उकलण्याची पाळी येते. घाई तेवढी महाग पडते!

इंजिन पुरतें निवल्याखेरीज रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये. दाबाखालचें पाणी १०० अंशांवरही न उकळतां दबा धरून असतें. सोडलेल्या पाण्यांत ग्लायकॉल असल्यास तें गोड पण विषारी असतें; कुत्र्यामांजरांच्या व मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. मोकळ्या झालेल्या पोलादी नळ्यांचीं तोंडें लगेच बुचांनीं बंद करावीं, आणि रेडिएटर पुन्हां बसविल्यावर गळालेल्या तेलाची भर घालावी.