तपासण्या नॉर्मल, तरी मुलीचे पोट दुखते!

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. गाव खाडीपलीकडचे, वडील कुवेतला ड्रायव्हर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीचे पोट तीन आठवडे बेंबीभोवती दुखत होते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सर्व नॉर्मल. भूक मंदावलेली, झोप नाही, शाळेची वेळ झाली की दुखणे वाढायचे.

मी पोट तपासत असताना आईच्या पर्समधील मोबाईल वाजला आणि मुलगी केवढ्यांदा तरी दचकली. मी आईला थोडा वेळ बाहेर बसवले, सिस्टरला सोबत थांबवले आणि विचारले, "बेटा, मोबाईलवर कोणी त्रास देतंय का?" ती रडू लागली. मोबाईलवरील खेळात एका 'मैत्रिणी'शी तिची ओळख झाली होती. तिला हिने ओढणी न घेतलेला साधा फोटो पाठवला होता. ती 'मैत्रीण' कोणी पुरुष निघाला. 'आणखी फोटो पाठव, नाहीतर याच फोटोचा घाणेरडा फोटो बनवून तुमच्या मोहल्ल्यात पाठवतो,' अशी त्याची धमकी होती.

वाचकहो, असे दुखणे म्हणजे ढोंग नव्हे. सतत भीती असली की मेंदूकडून आतड्याला जाणारे संदेश बदलतात, आतड्याची हालचाल बिघडते आणि पोट खरोखर दुखते. डोकेदुखी, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू होणे, शाळा-मदरशाला जाण्याची टाळाटाळ, कोणी जवळ आले की मोबाईल लपवणे, ही लक्षणेही अशा वेळी दिसतात.

आईला हे सांगितले तेव्हा तिने तीन प्रश्न विचारले. मुस्लिम कुटुंबांतील अनेक आया हेच विचारतात, म्हणून उत्तरे येथे देतो.

"डॉक्टर, तक्रार केली तर नाव आमच्याच मुलीचं खराब होईल ना?" ही भीती काल्पनिक नाही. 2021 च्या जुलैत आणि 2022 च्या जानेवारीत मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावा'च्या नावाखाली ॲपवर टाकले गेले होते, हे घरोघरी माहीत आहे. पण 2022 च्या प्रकरणात तक्रार झाली म्हणूनच मुंबई पोलिसांनी तरुणांना अटक केली. शिवाय 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाचे नाव, पत्ता, फोटो, शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

"पोलीस ठाण्यात तिला बसवून ठेवतील?" नाही. त्याच कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आईवडील सोबत असू शकतात. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे मलाही बंधनकारक आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

"मग मोबाईलच काढून घेऊ का?" त्याच मोबाईलवर ती रोज रात्री अब्बांचा चेहरा पाहते. तो काढून घेणे ही मुलीला शिक्षा होते आणि पुढच्या वेळी ती काही सांगणार नाही. धमकी देणाऱ्याचे सारे बळ याच गुपितात असते.

असा प्रसंग आल्यास पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

1. मुलाला प्रथम सांगावे, "तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस."
2. पैसे वा फोटो पाठवू नयेत. मागणी थांबत नाही, वाढते.
3. संदेश पुसू नयेत. धमकीचे संदेश, समोरच्याचे नाव व नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवून मगच ब्लॉक करावे.
4. 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाईन आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.
5. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसचा 14416 हा नंबरही लिहून ठेवावा.

त्या रात्री आईने कुवेतला फोन लावला. वडील आधी संतापले, मग बराच वेळ गप्प राहिले आणि मुलीला फोनवर घेऊन म्हणाले, "घाबरू नको, मी आहे." दुसऱ्या दिवशी मामा तक्रार द्यायला गेले. जबाब घरीच झाला. तपास अजून चालू आहे. मुलीचे पोट मात्र पंधरा दिवसांत थांबले. त्यासाठी मी दिलेल्या औषधांपेक्षा वडिलांच्या त्या वाक्याचा उपयोग जास्त झाला, असे माझे मत आहे.

मुले मोबाईलवर काय करतात हे आपल्याला पूर्णपणे कधीच कळणार नाही. पण अडचण आली तर ती प्रथम आपल्याकडे येतील, एवढी खात्री घरात निर्माण करणे आपल्या हाती आहे. आज रात्री जेवताना मुलांना एवढेच सांगा, "काहीही झालं तरी आधी मला सांग. मी रागावणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा.