पहिला साप पाळताना

साप पाळण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याला रोज दूध किती घालावे? उत्तर सोपे आहे. मुळीच घालू नये. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पिईल. पण दूध हे त्याचे अन्न नव्हे, ते त्याला बाधते. हा समज आरंभीच दूर करतो, कारण साप पाळणाऱ्याच्या बहुतेक चुका याच मुळातून उगवतात. आपण त्याला आपल्यासारखा समजतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप पकडणे व घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा पुढील विवेचन आपल्या शेतातल्या धामणीसाठी नाही. अमेरिकेत नवशिके लोक जो साप सर्वांत आधी पाळतात, त्या कॉर्न स्नेकचे उदाहरण मी घेतो.

हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून त्याला हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असेही कोणी सांगतात. वाढला तरी तो बहुधा तीन ते पाच फुटांचा होतो. स्वभावाने शांत असून बंदिवासात त्याची वीण सहज होते. म्हणून रानातला साप न धरता घरी जन्मलेले पिल्लू घेता येते.

त्याच्या घराची पहिली गरज म्हणजे ऊब. आपले शरीर आपली उष्णता आपणच निर्माण करते; साप ती बाहेरून घेतो. खाल्लेले पचवायलाही त्याला ऊब लागते. म्हणून पेटीची एक बाजू सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस व दुसरी २२ ते २४ अंश ठेवतात, आणि दोन्हीकडे लपायला जागा करतात. लपायची जागा एकच असली, तर भित्रे पिल्लू ऊब सोडील, पण आडोसा सोडणार नाही. ऊब देणाऱ्या साधनाला तापमान आवरणारे यंत्र जोडलेच पाहिजे, नाहीतर सापाचे पोट भाजते. पाण्याचे भांडे हवे, आणि झाकण घट्ट हवे. डोके शिरेल एवढी फट मिळाली की पिल्लू बाहेर पडलेच म्हणून समजा.

खाणे म्हणजे उंदीर. गोठवून ठेवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाइतकेच असावे. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी एकदा पुरते. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नये, नाहीतर गिळलेले तो ओकून टाकतो. नवे पिल्लू घरी आणल्यावर पहिला आठवडाही त्याला स्वस्थ राहू द्यावे. डोळे निळसर धुरकट दिसले, तर ते आजाराचे लक्षण नव्हे. कात टाकण्याची वेळ आली आहे. आणि साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावर रोगजंतू असू शकतात.

कुत्रा भुकेला झाला की दाराशी येऊन भुंकतो, मांजर पायात घोटाळते. साप काहीच म्हणत नाही. थंडीने गारठला तरी तो निमूट पडून राहतो, आणि धनी समजतो की प्राणी सुखात आहे. असे पंधरा-वीस वर्षे न मागता देत राहण्याची तयारी हवी. ती नसलेल्यांनी काय केले, याची साक्ष फ्लोरिडातली एव्हरग्लेड्सची दलदल देते. हौसेने आणलेले ब्रह्मदेशी अजगर दहा-पंधरा फुटांचे झाल्यावर काहींनी ते तेथे सोडले. आज त्यांची प्रजा तेथल्या सशांना व रॅकूनांना जवळजवळ संपवून बसली आहे. २०१२ साली अमेरिकेला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

म्हणून ज्याला हौस असेल त्याने आधी रिकामी पेटी महिनाभर चालवून पाहावी. रोज तापमान पाहावे, पाणी बदलावे. महिन्याअखेरीस ज्याला कंटाळा आला नसेल, त्यानेच पुढचे पाऊल टाकावे.