शेताचं विरजण

पावसाळा लागला की बांधावर, गवताच्या बुडाशी मातीच्या बारीक गोळ्यांच्या ढिगल्या दिसू लागतात. ओल्या शेवेच्या चुऱ्यासारख्या. ही गांडुळाची विष्ठा. रात्री वर येऊन ते ती टाकून जातं.

डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. कुरणात पसरलेले खडूचे तुकडे २९ वर्षांनी खणून पाहिले, तर ते ७ इंच खाली गेलेले. वरचा थर गांडुळांनी आणून टाकलेला. पण त्या मातीत कोणते जीवाणू वळवळतात, हे त्याच्या काळात फारसं कळलेलं नव्हतं.

गांडूळ माती आणि कुजका पाला एकत्रच गिळतं. आतड्यात ओल असते, चिकट स्राव असतो. मातीत उपाशी, निपचित पडलेल्या जीवाणूंना तेवढंच हवं असतं. ते जागे होतात, भराभर वाढतात आणि गिळलेला घास पचवायलाही हातभार लावतात. बाहेर पडणाऱ्या विष्ठेत हवेतला नत्र बांधणारे ॲझोटोबॅक्टर सापडतात. मुळांवरच्या रोगकारक बुरशीला आवर घालणारे स्यूडोमोनास आणि बॅसिलसही.

आपल्या काळ्या रानाला मात्र सर्वांत कामाचे ते स्फुरद विरघळवणारे. डीएपी टाकलं तरी त्यातलं बरंचसं स्फुरद चुनखडीतल्या कॅल्शियमशी जखडून बसतं. पैसा रानात, पीक उपाशी! हे जीवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि ती गाठ सुटते.

म्हणून या विष्ठेची, म्हणजेच गांडूळखताची, युरियाशी तुलना मला पटत नाही. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत २० किलोंवर नत्र. गांडूळखतात साधारण शेकडा एक-दीड. आकड्यांत ते हरणारच. पण विरजण कुणी किलोवर जोखतं का?

विरजणासारखंच ते जपावंही लागतं. उन्हात कडकडीत वाळवून वर्षभर पत्र्याखाली पडलेलं खत दिसायला छान चहापूड, पण जिवंत असं त्यात फार कमी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी मात्र गळू नये, एवढी ओल असलेलं ताजं खत घ्या. उन्हं उतरल्यावर मुळांजवळ घालून मातीआड करा. रासायनिक खतात कालवू नका. आणि वर पाचट किंवा पालापाचोळा पसराच. खायला सेंद्रिय काही उरलं नाही, की जागे झालेले जीवाणू पुन्हा निपचित पडतात.