मुलाखतीची तालीम

शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला एक विद्यार्थी भेटतो. त्याने गाईवरचा निबंध पाठ केलेला असतो आणि परीक्षेत नेमका नदीवर निबंध येतो. मुलगा डगमगत नाही. नदी गावाजवळून वाहते, तिच्या काठी एक गाय चरते, एवढे लिहून तो पुढची दोन पाने गाईचे गुणगान करतो. आपण हसतो आणि गुण कापतो. परंतु हीच युक्ती मोठ्या माणसांना रीतसर, शुल्क घेऊन शिकवली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिला ‘मीडिया ट्रेनिंग’ म्हणतात. वार्ताहराला उत्तरे कशी द्यावीत, याचे हे शिक्षण. त्याचा आपण वाचतो-ऐकतो त्या बातमीवर काय परिणाम होतो, हे आज पाहू या.

या शिक्षणाची रीत साधी आहे. पुढारी, अधिकारी किंवा खेळाडू यांना कॅमेऱ्यापुढे बसवतात. वृत्तपत्रव्यवसायात मुरलेला कोणी गृहस्थ त्यांना अडचणीचे प्रश्न विचारतो. मग ते चित्रण त्यांनाच दाखवून कोठे अडखळले, कोठे चिडले, हे समजावून देतात. त्यात तीन नियम मुख्य असतात. पहिला, सांगण्याचे मुद्दे तीनच ठेवावेत आणि तेच पुनःपुन्हा सांगावेत. दुसरा, नको त्या प्रश्नावरून हव्या त्या मुद्द्यावर जाण्यासाठी मध्ये पूल बांधावा. “आपला प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु जनतेची खरी चिंता निराळी आहे,” हे वाक्य म्हणजे असा पूल. आपल्या विद्यार्थ्याची नदीकाठची गायच ती! तिसरा नियम असा की आरोपातला शब्द आपल्या तोंडी घेऊ नये. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी 17 नोव्हेंबर 1973 रोजी संपादकांसमोर आपण लबाड नसल्याचे सांगितले. लोकांच्या स्मरणात ‘लबाड’ एवढाच शब्द राहिला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना पद सोडावे लागले.

या तालमीचा दोष केवळ बोलणाऱ्यांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. डॅनियल हॅलिन या अमेरिकन अभ्यासकाने तेथील अध्यक्षीय निवडणुकांच्या दूरचित्रवाणी बातम्या तपासल्या. 1968 साली उमेदवाराचे बोलणे सलग सरासरी 43 सेकंद ऐकवले जात असे. 1988 साली ते 9 सेकंदांवर आले. नऊ सेकंदांत विचार मांडता येत नाही, घोषणा मात्र देता येते. बातमीदाराची कात्री जसजशी जवळ आली, तसतसा बोलणाराही आपले वाक्य घरूनच कापून आणू लागला.

शिवाय अशा शिक्षणाची गरज नाही, असेही नव्हे. नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी, मोठ्या शहरात अशा लहान घटना घडतच असतात, अशा आशयाचे उद्गार पत्रकारांपुढे काढले. शोकात बुडालेल्या लोकांना ते सहन झाले नाहीत. 1 डिसेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला. साधेपणाविषयी ज्याची ख्याती, त्या माणसाला एक वाक्य एवढे महाग पडले. 2019 च्या जानेवारीत हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल या क्रिकेटपटूंना दूरचित्रवाणीवरील स्त्रियांविषयीच्या सवंग बोलण्यापायी काही काळ निलंबित व्हावे लागले. बोलण्यापूर्वी विचार करावा, एवढेच शिकवणारे शिक्षण कोणाला नको आहे? मी हे भाषण करतो आहे, तेही लिहून, घड्याळ लावून, दोनदा वाचून. आकाशवाणीचे इंदूर केंद्र 1955 साली सुरू झाले, तेव्हापासून येथे भाषण देणाऱ्या प्रत्येकाला ही शिस्त पाळावी लागली आहे.

तेव्हा तयारी वाईट नव्हे. प्रश्न एवढाच की ती उत्तर देण्यासाठी केली आहे की चुकवण्यासाठी. आपल्या इंदुरात जन्मलेले राहुल द्रविड यांचे उदाहरण घ्या. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना हरल्यावर ते प्रशिक्षक या नात्याने पत्रकारांसमोर आले. प्रतिपक्ष सरस खेळला, हे त्यांनी मान्य केले आणि आपल्या खेळाडूंचे दुःख पाहणे जड गेल्याचेही सांगितले. शब्द मोजके होते, पण विचारले त्याचेच ते उत्तर होते. याउलट 1997 च्या मे महिन्यात ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना जेरेमी पॅक्समन यांनी एकच प्रश्न सुमारे डझनभर वेळा विचारला. सरळ उत्तर शेवटपर्यंत आले नाही. त्या दिवशी प्रेक्षकांनी उत्तराऐवजी टाळाटाळच ऐकली आणि तिचा अर्थ आपापल्या परीने लावला.

यातून दिसते की उत्तर देणारा जसा शिकतो, तसा विचारणाराही शिकलेला हवा. या बाबतीत इंदूर कमनशिबी नाही. 1947 साली येथे निघालेल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकात राहुल बारपुते या मराठीभाषी संपादकांच्या सहवासात राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे पत्रकार घडले. प्रश्न आधी लिहून मागणे, नको ते विषय वगळण्याची अट घालणे, छापील निवेदन हाती ठेवून निघून जाणे, या गोष्टी वार्ताहराने मुकाट्याने मान्य केल्या, तर मुलाखत ही जाहिरातच होऊन बसते.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. एका शाळेच्या मैदानावर खेळताना एक मुलगा पडून जबर जखमी झाला. वार्ताहर आले. शाळेच्या प्रतिनिधीने शांतपणे तीन वाक्ये सांगितली: मुलांची सुरक्षितता आम्हाला सर्वोपरी आहे, सर्व ती काळजी घेतली जात आहे, चौकशी सुरू आहे. एकही शब्द चुकला नाही. मी शेजारीच उभा होतो आणि उत्तर चांगले झाले, असेच मला वाटले. तेवढ्यात मुलाची आई पुढे झाली आणि म्हणाली, “सर, पण झालं काय?”

त्या प्रश्नाचे उत्तर तिन्ही वाक्यांत नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ती तिन्ही वाक्ये होती, तिचा प्रश्न मात्र नव्हता.

म्हणून यापुढे मुलाखत ऐकताना किंवा वाचताना एवढेच करावे. प्रश्न मनात धरून ठेवावा आणि उत्तर संपल्यावर त्याच्याशी ताडून पाहावे. नदीविषयी विचारले होते, नदीविषयी कळले काय? गाईचे वर्णन कितीही सुंदर असो, गुण नदीचेच द्यायचे असतात.