‘तू नुसते ओठ हलव’ असं म्हणू नका

शाळेत प्रार्थनेच्या वेळी एखाद्या मुलाला हळूच सांगितलं जातं, ‘तू नुसते ओठ हलव.’ घरी आपणही हसत म्हणतो, ‘याला सूरच नाही.’ मग ते मूल आपणहून गप्प राहू लागतं. पहिली-दुसरीतल्या मुलाबद्दल असा निकाल देणं फार घाईचं आहे.

आपण कोल्हापूरकरांनी तरी तो देऊ नये. शाहू महाराजांचे दरबारी गायक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज ऐन उमेदीत बसला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडवली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांनी कोल्हापुरात शिष्य तयार केले. ही तालीम समोर बसून ऐकण्याची आणि ऐकलेलं पुन्हा म्हणण्याची.

मकतबमध्ये मुलं किरअतही उस्तादांच्या तोंडून ऐकूनच शिकतात. किरअत म्हणजे गाणं नव्हे; पण आधी कान, मग जीभ हा क्रम आपल्या घरांना नवा नाही.

वर्गात पुष्कळदा अडचण पट्टीची असते. मुलांचा आवाज उंच, सरांचा खालचा. नेमका कोणता सूर धरायचा हे मुलाला कळत नाही. म्हणून मुलांना झेपेल अशा पट्टीत सुरुवात करावी. पाच-सहा सुरांत मावणारी हम्द किंवा बालगीत निवडावं. एक ओळ शिक्षकांनी म्हणावी, मुलांनी ऐकावी, मगच म्हणावी. ओरडून म्हटलं की सूर सुटतो आणि शेजाऱ्याचा आवाजही ऐकू येत नाही.

हजेरी गाऊन घेणं हा सोपा उपाय. बाईंनी दोन सुरांत नाव घ्यावं, मुलानं त्याच सुरांत ‘हजर’ म्हणावं. एखाद्याला जमत नसेल तर त्याच्या तोंडून जो सूर निघेल तो बाईंनी धरावा. दोघांचा सूर जुळला की मुलाला तो जुळल्याचं जाणवतं. तिथून एक-एक सूर वर न्यावा.

वाद्यांबाबत घराघरांत मतं वेगळी आहेत. पण एवढ्यासाठी पेटी लागतेच असं नाही. मात्र सतत सर्दी, कानदुखी असेल किंवा हाक मारूनही मूल वळत नसेल, तर कान डॉक्टरांना दाखवावेत.

अम्मी-अब्बांनी घरी रोज पाच मिनिटं मुलासोबत म्हणावं. चुकलं तरी हसू नये. गप्प बसवलेल्या मुलाला सूर सापडणार तरी कसा?